लाईट गेल्यावरचं पाणी

नानांनी केलेला पहिला खेळ मला आवडला नाही आणि मी तसं त्यांच्या तोंडावर सांगितलं. नाना म्हणजे माझे धाकटे काका. जळगावात मेहरूणला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. काकूचा हात मनगटात मोडला होता, म्हणून भाकऱ्या थापायला मला धरणगावजवळच्या आमच्या गावाहून आणलं होतं. मी चौथी पास. गावात शाळा चौथीपर्यंतच होती आणि पुढे पाठवायचं की नाही यावर घरात बोलणंसुद्धा झालं नाही. त्याचं रडगाणं मी इथे गाणार नाही. पाढे तीसपर्यंत पाठ होते, अक्षर बरं होतं, आणि पुढच्या सगळ्या आयुष्यात मला त्याहून फारसं काही लागलं नाही.

त्या घरात सकाळपासून आवाज असायचा. दुकानात तीन-चार रेडिओ एकाच वेळी उघडे पडलेले, त्यातला एखादा बातम्या द्यायचा, बाकीचे नुसते खरखरायचे. नाना तारांना डाग द्यायचे तेव्हा राळेचा धूर थेट चुलीपर्यंत यायचा आणि काकू प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून, पाटावर बसून मला हुकूम सोडायची. पीठ सैल झालं. तवा तापला नाही. भाकरी काय नकाशा आहे का, गोल कर. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, उडदाची घोटलेली डाळ, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि कांदा, असं आमचं दुपारचं जेवण. नाना जेवताना बोलत नसत, कारण त्यांच्या डोक्यात तो काँप्युटर असायचा. मुंबईहून कोणाकडून तरी जुना घेतलेला, शाळेच्या पाटीएवढा. तो टीव्हीला जोडायचा, आणि खेळ असायचा टेपच्या कॅसेटमध्ये. कॅसेट लावली की ती पाच मिनिटं किंचाळायची आणि मग पडद्यावर खेळ यायचा. काकू म्हणायची, "तुझ्या काकांनी घरात डुक्कर पाळलंय."

नाना एक जाड इंग्रजी पुस्तक समोर धरून स्वतःच खेळ लिहायला शिकले होते. पहिला खेळ विमानाचा होता. वरून गोळे पडायचे, खालून आपण गोळ्या मारायच्या. त्यांनी मला बसवलं आणि मी लगेच मेले. पुन्हा बसवलं, पुन्हा मेले.

"कसा वाटला?"

"वाईट."

"वाईट म्हणजे?"

"कशानं मेले ते कळलं नाही. चूक माझी होती का तुमची?"

नाना हसले. "गेम आहे गं. मरायचंच असतं त्यात."

"मरू द्या ना. पण का मेलो ते समजलं पाहिजे. शेतात पाणी फुटलं तर कुठून फुटलं ते दिसतं. शिव्या स्वतःला देता येतात."

"शेतातलं पाणी म्हणे! मग कर तूच शेताचा गेम."

"करते," मी म्हटलं.

आमच्या घरी विहिरीवर मोटर होती आणि पाणी भरायचं काम माझं होतं. ज्यानं हे केलेलं नाही त्याला वाटतं, पाणी सोडलं की झालं. तसं नसतं. विहिरीपासून पाट निघतो, पाटाच्या दोन्ही अंगांना वाफे. फावड्यानं एका वाफ्याचं तोंड फोडायचं, तो भरत आला की बुजायचं, मग दुसऱ्याचं फोडायचं. जास्त रुंद फोडलं तर बुजता येत नाही. उशिरा बुजलं तर बांध वाहून जातो. भरलेल्या वाफ्यातून चालायला लागलं तर पाय चिखलात रुततात आणि तेवढ्यात पलीकडे घात होतो. या सगळ्यावर लाईट. ती कधी जाईल ते वीज मंडळालाच माहीत. म्हणजे खेळ तयारच होता. त्यात विमानाची काही गरज नव्हती.

मी परसात मोरीजवळ मातीचं शेत केलं. हातभर लांब, बोटभर रुंद पाट, आणि तांब्यानं पाणी सोडलं. कुठे अडतं, कुठे धावतं ते बघितलं. काकू ओरडली, की परसाची रबडी केली. मग मी गणिताची चौकड्यांची वही घेतली आणि तेच शेत तिच्यात उतरवलं. एक चौकडी म्हणजे एक पावलाची जमीन. पाणी सारखं बदलतं आणि खोडून खोडून कागद फाटतो, म्हणून पाण्याच्या जागी ज्वारीचे दाणे ठेवायचे आणि बांधाच्या जागी तुरीचे. दाणे सरकवत सरकवत मी अख्खं शेत मनाशी खेळून बघायची आणि पटलं की मगच पेन्सिल लावायची. आजही मी असंच करते. आता दाणे मुंग्या नेतात म्हणून बटणं घेते, एवढाच फरक.

नानांनी ते चौकड्या-चौकड्यांनी काँप्युटरात घातलं. पाणी भरणारा माणूस त्यांनी धोतर नेसलेला काढला होता. मी म्हटलं, आमच्याकडे पाणी मी भरायचे, बाई काढा. ते म्हणाले, आठ बाय आठ ठिपक्यांत बाई निघत नाही. मी ठिपक्यांच्या रांगोळ्या काढत मोठी झालेली. संध्याकाळच्या आत बाई काढून दिली, पदर डोक्यावर, फावडं खांद्यावर. नाना बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चालतेय तर अगदी आपल्या मोठ्या वहिनीसारखी."

खेळ झाला की मी गल्लीतल्या पोरीबाळी, बाया, दुकानात रेडिओ घेऊन आलेली माणसं, जो सापडेल त्याला बसवायची. आवडला का, असं मी कधीच विचारलं नाही. लोक खोटं बोलतात, भिडेनं बोलतात. मी पडद्याकडेही बघत नसे. हाताकडे बघायचे. हात जिथे थांबतो तिथे काहीतरी आहे. माणूस विचार करत असेल तर थांबणं चांगलं. काय करायचं तेच कळत नसेल तर चूक माझी. ही दोन थांबणी वेगळी दिसतात, आणि ती ओळखता आली की आमच्या खेळ करण्याच्या धंद्यातलं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे दुरुस्त करण्याचा कंटाळा न करणं.

परवा पुण्याहून दोन मुली आणि एक मुलगा आले होते. मोठ्या कंपनीत मोबाइलचे खेळ करतात. आता माझ्या नावामागे ज्येष्ठ गेम डिझायनर असं काहीतरी लावतात, म्हणून असे लोक येतात. मुलगी म्हणाली, "आजी, आमच्या ऑफिसात वेळ संपल्यावर खेळणाऱ्याला जी शेवटची संधी देतो ना, तिला सगळे पाटातलं पाणी म्हणतात. नवी मुलं पण म्हणतात. ते कुठून आलं ते त्यांना माहीत नसतं." मी म्हटलं, संधी देता म्हणजे काय? तुम्ही कोण देणारे? पाणी पाटात असतंच.  तिला मी रागावल्यासारखी वाटले असेन. रागावलेच होते. जे खेळणाऱ्याचं आहे ते दान म्हणून द्यायचं, ही मोठ्या कंपन्यांची सवय मला आवडत नाही.

तर ते पाटातलं पाणी असं. मी सात शेतं काढली होती. पहिल्या सहांत लाईट जायच्या आत सगळे वाफे भरायचे. पडद्याच्या कोपऱ्यात एक बल्ब होता, तो मंद होत जायचा. सातव्या शेतात वाफे इतके होते की कितीही घाई केली तरी एक राहायचाच. मला ते मुद्दामच तसं हवं होतं. कारण लाईट गेली, मोटर थांबली, तरी पाटात पाणी असतं. ते उताराला लागतं. ज्यानं टोकाचा, सगळ्यात खालचा वाफा शेवटी ठेवला आहे, त्याचा तो वाफा त्या उरलेल्या पाण्यावर भरतो. शेतावरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शहरातल्या माणसाला आठ-दहा वेळा हरल्यावर कळतं, आणि कळतं तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहतो. मी बघितलं आहे. नशिराबादचे एक मास्तर उभे राहिले होते, दुरुस्तीला आणलेला रेडिओ तिथेच विसरून गेले.

नाना काँप्युटरात जे लिहायचे ते सगळं मी वहीत उतरवून घ्यायची. मला इंग्रजी येत नव्हतं. पण अक्षराचा आकार बघून तसाच काढायला इंग्रजी कशाला लागतं? आमच्या उन्हाळ्यात कॅसेटी वाकायच्या, आणि एकदा कॅसेट गेली की नानांची महिन्याची मेहनत जायची. वहीवरून पुन्हा घालता यायचं. ओळींना आकडे होते, आकडे मला येत होते, आणि उतरवता उतरवता कोणत्या आकड्याजवळ पाणी आहे, कोणत्याजवळ बाई, कोणत्याजवळ बल्ब, हे माझ्या लक्षात राहायला लागलं.

मग शेठ आले. धुळ्यात आणि आणखी दोन-तीन गावांत त्यांचे व्हिडिओ गेमचे हॉल होते, नाणं टाकून खेळायचे. कोणीतरी त्यांना आमच्याबद्दल सांगितलं होतं. त्यांनी खेळ बघितला, खेळले नाहीत, आणि नानांना म्हणाले की श्रावणात धुळ्याला या, माझ्या हॉलवर लावून बघू, चालला तर सगळ्या हॉलांत लावू, पुढचे खेळही तुमच्याकडूनच घेऊ. त्या दिवशी नाना जेवताना बोलले. काकूलाही पहिल्यांदाच ते डुक्कर गोड वाटलं. नानांना आयुष्यभर लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडायचे नव्हते. त्यांना काहीतरी नवं करायचं होतं, आणि ती एवढी एकच वाट होती. हे मला तेव्हाही कळत होतं. पुढे मी जे केलं ते न कळता केलेलं नाही.

श्रावणात कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, आमचे सगळे भाऊबंद धुळ्याला मोठ्या काकांकडे जमायचे. मी चार दिवस आधीच गेले, कारण नैवेद्याच्या रोटांचं दळण असतं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठी मोजून गहू काढतात, पाळण्यातल्या पोराचीही मूठ असते, आणि ते जात्यावर दळतात बाया. मी दळलं. मोठी काकू, तिला आम्ही मोठी माय म्हणायचो, माझ्यासमोर जात्याला बसायची. काकूच्या हाताची चौकशी करायला ती मेहरूणला आली होती तेव्हा माझा खेळ सहाव्या शेतापर्यंत खेळून गेली होती. दळता दळता मध्येच खुंटा सोडून म्हणाली, "वच्छे, ते सातवं वावर माले खेळनं शे."

कानबाईचं विसर्जन करून आम्ही पांझरा नदीवरून परत आलो तेव्हा नाना तयार होते. काँप्युटर गोधडीत गुंडाळून एसटीनं आणला होता. ते नेहमीसारखे माझ्याकडे बघत नव्हते, पण मला वाटलं, धाकधूक असेल. मोठी माय म्हणाली, मी बी येस. हॉलमध्ये बाया जात नाहीत, असं मोठे काका म्हणाले. ती म्हणाली, "मंग आज जातीन," आणि चप्पल घातली.

हॉल म्हणजे पत्र्याची लांब खोली, आत गोळीबाराचा आवाज आणि घामाचा वास. कॉलेजची मुलं, हमाल, बाजाराला आलेले शेतकरी. नानांनी टीव्हीला जोडणी केली, कॅसेट किंचाळली. शेठ म्हणाले, "कोणीही खेळा, आज फुकट." मुलं बाईचं चित्र बघून हसली. मोठ्या मायनं त्यांना बाजूला सारलं आणि लुगडं सावरून स्टुलावर बसली.

तिनं एकामागून एक शेतं भरली. मुलं हसायची थांबली. एक पागोटेवाला म्हातारा मागून सांगायला लागला, "तठे बुज, तठे बुज," आणि ती मान न वळवता म्हणाली, "मी काय आंधयी शे का?" सातव्या शेताशी आली तेव्हा आख्खा हॉल तिच्या पाठीशी उभा होता. तिनं टोकाचा वाफा सोडून बाकीचे भरत आणले. बल्ब मंद झाला. तिचा हात जराही घाईला आला नाही. शेवटून दुसरा वाफा बुजला, टोकाचं तोंड फोडलं, आणि बल्ब गेला. ती निवांत बसून राहिली, पाणी येण्याची वाट बघत.

पडद्यावर आलं, खेळ संपला. पुन्हा नाणं टाका.

 मोठी माय पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "लाईट गयी ते गयी. पन पाटम्हानं पानी कोठे गयं?"

मी नानांकडे बघितलं. ते तारांशी खेळत होते. मला कळलं. मी रोट दळत होते त्या चार दिवसांत शेठ जळगावला जाऊन आले होते.

"नाना, तुम्ही काढलं?"

"शेठ म्हणाले, एका नाण्यात लोक फार वेळ बसतील. मागच्यांचा नंबर येणार नाही."

"पण आता तो जिंकताच येत नाही."

शेठ हसत म्हणाले, "तेच तर पाहिजे, बेटा. जिंकला की माणूस घरी जातो. हरला की पुन्हा नाणं टाकतो. तुला नाही कळायचं, धंदा आहे."

"मला कळलं. ही लबाडी आहे."

"वत्सला!" नाना ओरडले.

"मोठ्या मायनं काही चुकवलं का? सांगा काय चुकवलं. तुम्हीच सांगा शेठ, तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

शेठनी नानांना विचारलं, "ही कितवी शिकलीय?"

"चौथी," मीच सांगितलं, आणि पिशवीतून वही काढली.

 खेळ थांबवायचं बटण मला माहीत होतं. ओळी पडद्यावर आणायचं नानांना हजारदा करताना बघितलं होतं. बल्बच्या आकड्याजवळ गेले आणि वहीशी ताडून बघितलं. वहीत तीन ओळी जास्त होत्या. आधी आकडा घातला, मग एकेक अक्षर, आकार बघून, बोटानं ते बटण शोधून. एका ओळीला मला पाच मिनिटं लागली असतील. मागे मुलं अक्षरं ओरडून सांगायला लागली, "एन, एन, वरच्या नाही, खालच्या रांगेत." शेठ म्हणाले, बंद करा हे. पागोटेवाला म्हातारा म्हणाला, "थांबा हो शेठ. पोरगी लिही राह्यनी." नाना हलले नाहीत. त्यांनी प्लग काढला असता तर सगळं गेलं असतं, आणि प्लग त्यांच्या पायाशी होता.

मोठी माय पुन्हा बसली. पुन्हा सात शेतं. कोणीही हॉल सोडून गेलं नाही. बल्ब गेला. पाटातलं निळं पाणी चौकडी-चौकडीनं खाली सरकलं, वळणाला अडल्यासारखं झालं, वळलं, आणि टोकाचा वाफा भरला. मुलांनी जो आरडाओरडा केला त्यात पत्रे वाजले. मोठी माय उठली, गुडघे चोळले आणि शेठना म्हणाली, "आते खरं शे."

शेठ नानांना बाजूला घेऊन बोलले, पण मला ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं. म्हणाले, त्या तीन ओळी काढा आणि खेळ ठेवून जा, मी शब्द मोडत नाही. पण या मुलीला पुन्हा इथे आणू नका. नाना माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "काढा. काँप्युटर तुमचा आहे. मी गावी जाऊन पाणी भरीन. पण मग ती बाई पण काढा. ती माझी आहे."  नाना खाली बसले, तारा सोडल्या आणि काँप्युटर गोधडीत गुंडाळायला लागले. शेठनी पुढच्या खेळांचं विचारलंसुद्धा नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. हॉलमधल्या त्या मुलांनी महिनाभरात मेहरूणचं दुकान शोधून काढलं. कोरी कॅसेट आणायची आणि खेळ भरून न्यायचा. त्यांच्याकडून आणखी कोणी भरून घ्यायचं. अमळनेर, चोपडा, सुरतेपर्यंत तो खेळ गेला, कोणीही न विकता. त्यातल्याच दोघांनी पुढे स्वतः खेळ केले आणि शेतं काढायला मला बोलावलं, आणि तिथून मी तीस वर्षं हेच केलं. पण त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. कोणी मला पुढचं सांगून धीर दिला नव्हता. म्हणून आताच्या मुलांनी मला विचारू नये की कंपनी ऐकत नाही तेव्हा काय करायचं. मी केलं ते मला काही मिळेल म्हणून केलेलं नाही.

परतीच्या एसटीत नाना खिडकीकडे तोंड करून बसले. गोधडीतला काँप्युटर आमच्या दोघांच्या मध्ये. मुकटी गाव मागे पडल्यावर म्हणाले, "खूश झालीस?"

"नाही."

"आता आणखी काय राहिलं?"

मी वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. मोठ्या मायचा हात तिसऱ्या शेतात दोन्ही वेळा थांबला होता, एकाच जागी. विचार करायला नाही, तिला वाटच दिसत नव्हती. मी बांध एक चौकडी अलीकडे काढला होता. "ही माझी चूक आहे," मी म्हटलं. "दुरुस्त करावी लागेल."

नाना वैतागले. "कोणासाठी दुरुस्त करतेस आता? शेठ गेला ना!"

"शेठ खेळत होता कधी?"

नाना वहीवर वाकले. खिशातली पेन्सिल काढली आणि म्हणाले, "कुठली चौकडी, दाखव."